आज रात्रीच गोळ्यांची पाकिटं मोजा

“आता बरा आहे की! कामाला जातो, नीट जेवतो. मग गोळ्या कशाला?”

हे वाक्य तुमच्या घरात कुणी बोललं असेल, तर बोईसर-तारापूरकरांनो, आजच सावध व्हा. स्किझोफ्रेनिया बहुतेकदा इथूनच उलटतो. 2012 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. औषध बंद करून नुसती दिखाऊ गोळी दिलेल्या 100 जणांपैकी 64 जणांचं दुखणं वर्षभरात उलटलं. औषध चालू असलेल्यांत 27 जणांचं.

हे 27 विसरू नका. गोळी हवीच, पण घराचा डोळाही हवा. आणि तो डोळा तुमचाच.

रुग्णाच्या झोपेकडे बघा. रात्री तीनला ओट्यावर दिवा लागतो. तो भांडी पुन्हापुन्हा घासतो, कुणाशी तरी पुटपुटतो, खिडकी लावून घेतो. जेवणाचं ताट बाजूला सारतो. दोन-तीन रात्री असं दिसलं, की वाट बघू नका, डॉक्टरांना सांगा. एमआयडीसीत रात्रपाळी असेल तर पाळी बदलून मिळेल का, हेही त्यांना विचारा. जागरण या आजाराला फार वाईट.

आणि टोमणे आवरा. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी 1972 मध्येच दाखवून दिलं, की सतत टीका होणाऱ्या घरात परतलेल्या रुग्णाचा आजार जास्त वेळा उलटतो. “आळशी आहेस” हे शब्द गिळा. वहिनी, काकू, तुम्हीही. दोष तुमचा नाही, थकवा आम्हाला कळतो. पण तुमचा मऊ आवाज त्याला सावरतो.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती औषध मध्येच तुटण्याची. होळीला गावी गेलात, पाकीट इथेच राहिलं. ठाण्याच्या मनोरुग्णालयाची फेरी म्हणजे गाड्या बदलत अख्खा दिवस, रोजही बुडतो, म्हणून तारीख हुकली. तसं होऊ देऊ नका! गावी जाताना गोळ्या आधी पिशवीत टाका. भगताकडे जायचं तर जा, पण गोळी चालू ठेवा. रोज गोळी घ्यायला कंटाळा येत असेल, तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं. ते चालेल का, डॉक्टरांना विचारा. अंग जड होतं, हात थरथरतो म्हणून तो गोळी लपवत असेल, तर रागावू नका. मात्रा कमी-जास्त करता येते, ती डॉक्टरांकडून करून घ्या.

काही सुचेनासं झालं तर 14416 फिरवा. टेलि-मानसची ही सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं.

आता उठा, पाकीट उघडा. किती दिवसांच्या गोळ्या उरल्यात? आठवड्याहून कमी असतील, तर उद्या सकाळीच निघा.