आळशी पडदे

मोबाईलवरील ॲपच्या तळाशी चार-पाच खुणांची एक पट्टी असते: धडे, सराव, चित्रफिती, सूचना, खाते. या खुणांना टॅब म्हणतात. ॲप उघडताक्षणी या साऱ्या टॅबांमागचे पडदे रचून ठेवावेत, की ज्या टॅबवर बोट पडेल तेवढाच पडदा रचावा? या दुसऱ्या रीतीला 'लेझी लोडिंग' म्हणतात, म्हणजे आळसाने पडदा आणणे. आळस हा दुर्गुण म्हणून वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या आम्हांला हे नाव प्रथम खटकले, हे कबूल केले पाहिजे. परंतु आता आमचे मत या आळसाच्याच बाजूचे आहे.

निपाणीकडे तंबाखू आणि विडी यांवर कित्येक घरांचा संसार चालतो. अशा घरी बहुधा फोन एकच, तोही जुना, आणि वडील कामावरून परतल्यावरच तो मुलांच्या हाती पडतो. आमच्या वर्गातील एक मुलगी म्हणाली, "सर, धडा उघडायच्या आधीच आजचा डेटा संपला." पाहतो तो, ते ॲप धड्याबरोबरच चित्रफितींचाही पडदा रचीत होते आणि कोणी न मागितलेल्या फिती उतरवून घेत होते. गिऱ्हाइकाला न विचारता वाण्याने त्याच्या खात्यावर उधारी मांडावी, त्यातलाच हा प्रकार!

कारागिरांना हे ठाऊक नाही असे नव्हे. फेसबुकने २०१५ साली खुल्या केलेल्या रिॲक्ट नेटिव्हवर ॲप बांधणारे पुष्कळजण 'रिॲक्ट नॅव्हिगेशन' वापरतात. तिच्या तळपट्टीत टॅब प्रथम उघडेपर्यंत त्याचा पडदा रचलाच जात नाही. गूगलच्या फ्लटरमधील 'इंडेक्स्डस्टॅक' मात्र सारे पडदे एकदमच रचतो. तेथे काटकसर बांधणाऱ्यालाच योजावी लागते. सर्व आधी तयार असले की टॅब बदलताना क्षणभरही खोळंबा होत नाही, हा त्या पक्षाचा मुद्दा खरा आहे. बेळगावातील एखाद्याच्या नव्या, महागड्या फोनवर तो शोभतोही.

आळसालाही मर्यादा हवी. एकदा उघडलेला पडदा दुसऱ्या टॅबवर जाताच मोडून टाकू नये. नाही तर सराव निम्मा सोडवून मूल सूचना पाहावयास जाते, आणि परत येते तो पाटी कोरी!

त्या मुलीच्या ॲपमध्ये फिती आपोआप उतरू न देण्याची कळ अखेर आम्हांला सापडली. खात्याच्या पडद्यात, आणखी दोन पडद्यांच्या आड ती होती. इतक्या खोल ती कोणाच्या सोयीसाठी ठेवली असावी?