कासवाला कोळंबी? द्या, पण सणासारखी!

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे ओट्यावर कोळंबी सोलायला घेतली, की टबातल्या कासवासाठी मुलांचा हट्ट सुरू होतो, ‘आई, याला पण एक दे ना!’ द्यावी का? द्यावी; पण सणाच्या गोडासारखी, रोजच्या वरणभातासारखी नव्हे.

आधी कासव कोणते ते पाहा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले जमिनीवरचे कासव गवत-पाला खाणारे. त्याला मासळी मुळीच देऊ नये. शिवाय ते किंवा आपल्या तळ्या-विहिरीतले कासव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. असेल तर वनखात्याला कळवावे.

दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले पाण्यातले कासव मूळचे अमेरिकेतले. ते लहानपणी किडे-मासे जास्त खाते, मोठेपणी पाल्याकडे वळते. त्याला पंधरा दिवसांतून एकदा मासळी पुरे, तीही त्याच्या डोक्याएवढीच.

कशी द्यावी?

• हळद, मीठ, आगळ लावण्याआधीच तुकडा बाजूला काढावा. कोळंबीचा काळा दोरा काढून ती नुसत्या पाण्यात उकडावी. काही कच्च्या मासळीत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. उकडल्याने ते जाते.

• सुका जवळा, सोडे, खारवलेली मासळी नको. त्यांत खार आणि वाळू असते. बांगडा, तारली तेलकट, तीही टाळावी.

• कासव पाण्यातच गिळते. म्हणून वेगळ्या घमेल्यात खाऊ घालावे, म्हणजे टबातले पाणी नासत नाही.

रोज मासळी दिली तर कासव पाल्याला तोंड लावत नाही आणि चुना कमी पडून कवच मऊ होते. एरवी तयार खाद्य, जास्वंदीची कोवळी पाने, किसलेला लाल भोपळा द्यावा. किनाऱ्यावर सापडणारे माकुळाचे पांढरे हाड, म्हणजे समुद्रफेण, दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, वाळवून टबात टाकावे. कोवळे ऊन हवेच, मात्र काचेआडून आलेले नको. श्रावणात घरात मासळी बंद असते, तेव्हा कासवाचेही काही अडत नाही, बरं का!

आता मुलांविषयी. कासवाच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. मुले ती तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. घमेले स्वयंपाकघरात धुऊ नये.

पाणीपुरीच्या पुरीएवढे आणलेले हे कासव पुढे ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. कंटाळा आला म्हणून ते सोडून देऊ नका. तळ्यात सोडले तर आपल्या कासवांचा घास पळवते. समुद्रात सोडले तर बिचारे मरते. हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाळूत अंडी घालायला येणारी समुद्रकासवे वेगळी. आणायचेच असेल, तर एवढ्या वर्षांचा विचार आधी करावा.