आधी दात, मग इंजेक्शन

सर्जरी झाली, केमो झाली, रेडिएशनच्या फेऱ्या संपल्या. डोक्यावर बारीक बारीक केस पुन्हा दिसायला लागले. आता रोजची एक गोळी आणि अधूनमधून चेकअप, एवढंच राहिलं म्हणून घरातले सगळे जरा निवांत होतात. तेवढ्यात कॅन्सरचे डॉक्टर सांगतात, 'आईंच्या हाडांसाठी दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू करू. त्याआधी दात दाखवून या.' इंजेक्शनची तारीख सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह होते. दातांचं मात्र राहून जातं. आजार स्तनाचा, औषध हाडांचं, यात दात कुठून आले?

आलेत, दोस्तांनो, आणि अगदी मुद्द्याला धरून आलेत.

आधी हाडांचं बघू. बऱ्याच ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसल्या जातात. म्हणून पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्या पाच-पाच वर्षं देतात. त्यांनी इस्ट्रोजेन तळाला जातं. पण हेच इस्ट्रोजेन हाडांची राखणही करत असतं. राखणदार गेला की हाडं ठिसूळ होतात. बाथरूममध्ये साधा पाय घसरला तरी खुब्याचं हाड मोडू शकतं. ते टाळायला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सलाईनमधून देतात किंवा डेनोसुमॅब कातडीखाली टोचतात.

झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या गटातल्या औषधांचा आणखी एक फायदा आहे. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये २६ चाचण्यांचा एकत्र हिशोब छापून आला. पाळी गेलेल्या शंभर बायकांमध्ये दहा वर्षांत ब्रेस्ट कॅन्सरने १८ मृत्यू होत होते, तिथे हे औषध घेतलेल्यांमध्ये ते १५च्याही किंचित खाली आले. म्हणजे शंभरातल्या तीन जणींचा जीव! त्यामुळे 'जबड्याला त्रास होतो म्हणे' एवढं ऐकून हे इंजेक्शन परस्पर नाकारणं परवडणारं नाही.

आता जबडा. आपलं हाड म्हणजे कायम रिपेअर चालू असलेला रस्ता. जुनं उकरायचं, नवं भरायचं. ही औषधं उकरणाऱ्या पेशींना आवर घालतात. पाठीच्या, खुब्याच्या हाडाला ते सोयीचं पडतं. जबड्याची गोष्ट वेगळी. तिथे रोज चावण्याचा ताण, वर हिरडीचं पातळ पांघरूण आणि तोंडात जंतूंचा बाजार. अशात दाढ काढली, तर एरवी काही आठवड्यांत भरणारी जखम भरतच नाही. हाड उघडं पडतं आणि त्याचा तेवढा भाग मरतो. याला ऑस्टिओनेक्रोसिस ऑफ द जॉ म्हणतात. २००३ साली अमेरिकेतले ओरल सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी असे ३६ पेशंट नोंदवले, तेव्हा जगभरचे डॉक्टर सावध झाले.

घाबरू नका. सहा महिन्यांनी एकदा इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये हा त्रास साधारणपणे शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना होतो. कॅन्सर हाडांत पसरल्यावर तीच औषधं दर महिन्याला द्यावी लागतात, तेव्हा धोका वाढतो. पण झाला तर मामला लांबतो. दुखणं, पू, अँटिबायोटिक्स, कधी ऑपरेशन. आणि टाळायचा उपाय मात्र अगदी साधा आहे. क्रम पाळायचा. आधी दात, मग इंजेक्शन.

म्हणजे नक्की काय? पहिल्या डोसच्या आधी डेंटिस्टकडे जायचं. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायचा. किडलेली, हलणारी, 'बघू पुढच्या दिवाळीत' म्हणून ठेवलेली दाढ असेल तर तिचा निकाल आधीच लावायचा. दात काढलाच तर जखम भरेपर्यंत थांबायचं. किती आठवडे, ते डेंटिस्ट आणि कॅन्सरचे डॉक्टर मिळून ठरवतील. हाडांच्या इंजेक्शनला एवढी उसंत बहुतेक वेळा असते. कवळी असेल तर ती कुठे घासत नाही ना, हेही बघून घ्यायचं.

इंजेक्शन सुरू झालं म्हणजे दातांना हातच लावायचा नाही, असंही नाही. क्लीनिंग, फिलिंग, रूट कॅनाल सगळं चालतं. शक्यतो टाळायचं ते दात काढणं आणि इम्प्लांट. काढणं भागच असेल तर दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून, बेताने काढायचं. आणि दाताचं काम निघालं म्हणून डेनोसुमॅबचा डोस आपल्या मनाने पुढे ढकलायचा नाही. ते अचानक थांबलं तर हाडांची झीज उसळी मारून परत येते आणि पाठीचे मणके मोडू शकतात.

हे सगळं पुण्यात एका छताखाली सहज होईलही. पण आपल्यातल्या कित्येकांचे आईबाबा नगर जिल्ह्यात आहेत. कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच. चौदा तालुके, १७ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. अकोले-संगमनेरची मंडळी उपचाराला नाशिक गाठतात, पारनेर-श्रीगोंद्याची पुणे, जामखेडकरांना बार्शी जवळ. कॅन्सरचे डॉक्टर एका शहरात, दातांचे तालुक्याच्या बाजारपेठेत. दोघांची कधी गाठच पडत नाही. राहाता तालुक्यात लोणीला प्रवरेच्या एकाच कॅम्पसमध्ये मेडिकल आणि डेंटल अशी दोन्ही कॉलेजं आहेत, त्या भागातल्यांची तेवढी सोय. बाकीच्यांसाठी दोन डॉक्टरांमधला पूल म्हणजे तुम्ही.

खरी गडबड कुठे होते, माहितेय? दाढ ठणकली की आई जवळच्या दवाखान्यात जाते. डेंटिस्ट विचारतात, 'काही गोळ्या चालू आहेत का?' आई सांगते, 'बीपीची आणि शुगरची.' ती खोटं बोलत नसते. सहा महिन्यांतून एकदा घेतलेलं इंजेक्शन तिच्या हिशोबात 'चालू गोळी' नसतंच. शिवाय 'कॅन्सर' हा शब्द चार माणसांत उच्चारायचा नाही, ही घराघरातली सवय. मग दहा मिनिटांत दाढ निघते. गावात फुकट दंत तपासणीचा कॅम्प लागला तरी तेच. आणि हो, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हाडांत कित्येक वर्षं मुरलेलं राहतं. इंजेक्शन बंद होऊन वर्ष लोटलं, तरी डेंटिस्टला सांगायचंच.

दुसरी गोष्ट मिशरीची. आपल्याकडे गावोगावच्या बायका सकाळी मिशरी लावतात, आणि 'दात घट्ट राहतात' हा समज पक्का. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या खराब होतात, दात हलायला लागतात आणि शेवटी दात काढायचीच वेळ येते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच. आईला रागावू नका, पण डॉक्टरांसमोर हा विषय काढा. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला ती 'नाही' म्हणेल, कारण मिशरी ती खात नाही, लावते!

तर पुढच्या शनिवार-रविवारी घरी जाल तेव्हा एवढं करा:

• आईच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहा: 'हाडांचं इंजेक्शन चालू आहे. दात काढण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावे.' खाली औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि डॉक्टरांचा नंबर. त्याचा फोटो तिच्या मोबाइलमध्येही ठेवा.

• इंजेक्शन अजून सुरू व्हायचं असेल तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या आणि सोबत जा.

• दर सहा महिन्यांनी डोसच्या आसपास दातही तपासून घ्या. रोज दोनदा मऊ ब्रश.

• हिरडीतून हाड दिसणं, न भरणारी जखम, पू, खालच्या ओठाला बधिरपणा, यातलं काहीही दिसलं तर 'लवंग तेल लाव' म्हणून फोन ठेवू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

ज्या बाईने केमोचे सगळे डोस पचवले, तिला पुढची वीस वर्षं भाकरी नीट चावून खाता आली पाहिजे. त्यासाठी डेंटिस्टकडची एक चक्कर काही फार नाही.