घरचा कारखाना : शिरस्त्राणाची काच

दिवाळीचा किल्ला बांधून झाला, हातापायांची माती धुतली, की घरोघरच्या कारागिरांना दुसरे काम हवे असते. ते शोधायला लांब जायला नको. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने येतात आणि वेषभूषेची स्पर्धा त्यांत हटकून असते. पूर्वी तेथे झाशीची राणी, वासुदेव आणि भाजीवाली यांचे राज्य असे. 2025 च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचले, तेथे जाणारे पहिले भारतीय ठरले, आणि आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांतून चिरंजीवांना (व कन्यकांनाही!) एकदम अंतराळवीर व्हायचे आहे.

पोशाख पांढऱ्या पायजम्यातून निघतो. शिरस्त्राणाचा टोपही अवघड नाही. मोठ्या फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चार-पाच थर चिकटवावेत, दोन दिवस वाळू द्यावे, फुगा फोडावा, टोप तयार. घोडे अडते ते तोंडापुढच्या काचेपाशी.

काच म्हणजे अर्थात प्लास्टिक. खऱ्या काचेचा विचारही करू नये. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे ॲक्रिलिकचे तुकडे स्वस्तात मिळतात आणि दिसतातही झकास. पण ॲक्रिलिक ठिसूळ. गरम न करता गोल वाकवायला गेलात तर काडकन मोडते आणि त्याची कड सुरीसारखी लागते. मुलाच्या डोळ्यांपुढे ते नको. पॉलिकार्बोनेटचा पातळ पत्रा घ्यावा. तो थंडच वाकतो, मोडत नाही. दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचे नसेल तर डोळ्यांवर चष्मा लावून एक कोपरा दुमडून पाहावा : तुटला तर ॲक्रिलिक, नुसता दुमडला तर आपले काम झाले. पत्रा एक मिलिमीटरचा किंवा त्याहून पातळ असेल तर तो जाड कात्रीने कापला जातो, यंत्र लागतच नाही. ती कात्री शिवणाची मात्र नसावी. घरात शांतता सर्वांनाच हवी असते.

जाड पत्र्यासाठी हातात मावणारे फिरते यंत्र उपयोगी पडते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत ते पाहायला मिळेल. मिनिटाला पाच हजारांपासून तीस हजार फेऱ्यांपर्यंत त्याचा वेग जातो, आणि घोटाळा तेथेच आहे. नव्या यंत्राचा मालक पहिल्या दिवशी चक्री शेवटापर्यंत फिरवतोच! मग घर्षणाने प्लास्टिक कापले जाण्याऐवजी वितळते. ॲक्रिलिक तर शंभर अंशांच्या थोडे पुढे गेले की मऊ पडते. चकती पुढे सरकते, मागची चीर वितळलेल्या रसाने पुन्हा सांधली जाते, आणि गृहस्थ आणखी जोर लावतात. जोर लावला की उष्णता वाढते. म्हणून अगदी कमी वेगापासून सुरुवात करावी, हलक्या हाताने त्याच रेषेवरून तीन-चार वेळा जावे आणि मध्ये थांबून प्लास्टिक निवू द्यावे. वेग कमी करण्याची सोयच नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी या कामासाठी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पत्र्यावरचा संरक्षक कागद काढू नये. आधी पुठ्ठ्याचा नमुना मुलाच्या तोंडापुढे धरून बेतावा, मग तो पत्र्यावर आखावा. रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापून उरलेले कानशीने घासावे. खाच असेल तेथे कोपऱ्यात आधी गोल भोक पाडावे, कारण टोकदार कोपऱ्यातूनच तडा जातो. पत्रा फळीवर घट्ट आवळलेला हवा. चकत्या फुटून उडतात, तेव्हा कापणाऱ्याने संरक्षक चष्मा लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. ओढणी, सैल बाही, मोकळे केस यांपासून दूर राहावे. खिडक्या उघड्या असाव्यात. मुलांनी आखावे, घासावे, रंगवावे. यंत्र मोठ्यांच्या हाती.

आता सोनेरी काचेबद्दल. चंद्रावर 1969 साली उतरलेल्यांच्या शिरस्त्राणाच्या बाहेरच्या काचेवर सोन्याचा पातळ मुलामा होता, हे खरे. पण तो तेथल्या प्रखर उन्हासाठी. शाळेच्या अंधाऱ्या विंगेत तशी काच लावलेल्या पोराला पायरी दिसत नाही, आणि आई-बाप समोरून फोटो काढण्यात दंग असतात. पारितोषिक हुकले तरी चालेल, पण काच पारदर्शकच ठेवावी. फार हौस असेल तर कडेने बोटभर सोनेरी पट्टी चिकटवावी.

श्वासाने काच धुरकटते, म्हणून वर व खाली बोटभर फट सोडावी. हनुवटीखालची बाजू पूर्ण उघडी असावी. फेव्हिक्विकसारखा झटपट डिंक वापरू नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढरट डाग पडतात. दोन्ही कानशिलांवर वॉशर घालून एकेक स्क्रू लावावा, भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे ठेवावे. म्हणजे काच वर ढकलता येते आणि ‘मी अंतराळवीर आहे’ हे शेवटच्या रांगेतल्या आजीलाही ऐकू जाते.