चिंचपाड्याच्या रक्ताला कोणती पद्धत?

डीएनए मिथिलेशन मोजण्याच्या पद्धतींचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते: संपूर्ण जीनोमचे बायसल्फाइट सिक्वेन्सिंग हाच अंतिम मापदंड, बाकी सगळी पैशाअभावी केलेली तडजोड. हे मत मला मुळीच मान्य नाही. सिकलसेलच्या रुग्णापुरते बोलायचे तर ते दिशाभूल करणारे आहे.

या मताची जमेची बाजू आधी मांडतो. १९९२ मध्ये पुढे आलेली बायसल्फाइटची युक्ती खरोखर उत्तम आहे. मिथाइल गट नसलेल्या सायटोसिनचे ते युरॅसिल करते, मिथाइल असलेल्याला हात लावत नाही. मग क्रम वाचताना पहिल्याच्या जागी टी दिसतो, दुसऱ्याच्या जागी सी. माणसाच्या जीनोममध्ये अशा सुमारे २ कोटी ८० लाख सीपीजी जागा, म्हणजे सीपुढे लगेच जी असलेल्या जागा, आहेत. ठरावीक जागाच तपासणाऱ्या मिथिलेशन-चिपमध्ये त्यांतल्या जेमतेम ३ टक्के येतात, त्याही आधीच कोणीतरी निवडून ठेवलेल्या. शिवाय चिपवरचा प्रोब (जागा ओळखणारा डीएनएचा तुकडा) जिथे चिकटतो त्या जागीच भिल्ल किंवा मावची समाजातला एखादा वंशागत सी-टी बदल असेल, तर तो मिथिलेशनचा फरक म्हणून नोंदला जातो. तेव्हा चिपची वकिली मी करणार नाही.

पण प्रश्न काय आहे ते पाहा. सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या परिसरात ‘एएस’ (सिकलसेलचा वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) ही अक्षरे घराघरांत कळतात. एसएस असूनही एकाला वारंवार कळा येतात, दुसरा शेतात काम करतो. या फरकाचे एक मोठे कारण म्हणजे जन्मानंतर कमी होत जाणारे गर्भातले हिमोग्लोबिन, एचबीएफ, कोणात किती टिकले. त्याची गॅमा जनुके बंद ठेवण्यात मिथिलेशनचा हात असतो. १९८२ मध्ये मिथिलेशन रोखणाऱ्या ॲझासायटिडीनने एचबीएफ वाढल्याचे रुग्णात दिसले, तेव्हापासून हा धागा पक्का आहे. जनुकाच्या सुरुवातीजवळच्या मोजक्या, साधारण सहा सीपीजी जागांवर लक्ष ठेवायचे आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी ‘संपूर्ण’ पद्धत अडखळते. गॅमा जनुके दोन, शेजारी-शेजारी, जवळजवळ सारखी. बायसल्फाइटने डीएनएचे तुकडे होतात, वाचनही आखूड होते. मग एखादा तुकडा कोणत्या जनुकाचा हे ठरत नाही आणि संगणक तो बाजूला टाकतो. त्यात भर म्हणजे आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये महत्त्वाचा ठरलेला एक्सएमएन-वन बदल. एका गॅमा जनुकात उणे १५८ या जागी (जनुकाच्या सुरुवातीच्या १५८ अक्षरे आधी) सीचा टी झालेला असतो, मिथिलेशनच्या उणे १६२ या जागेपासून अवघ्या चार अक्षरांवर. बायसल्फाइटनंतर त्या धाग्यावर दोन्ही रूपे टी म्हणूनच वाचली जातात. ज्या भेदावर एचबीएफ अवलंबून असू शकते, तोच भेद त्या धाग्यावरून पुसला जातो. डीएनए न मोडणारी एन्झाइमची नवी पद्धत तुकडे वाचवते, पण अक्षर तीही बदलतेच.

याहून मूलभूत अडचण नळीतच आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेल्या रक्तातला डीएनए येतो पांढऱ्या पेशींतून; तांबड्या पेशींना केंद्रकच नसते. हिमोग्लोबिनची जनुके चालतात अस्थिमज्जेतल्या पूर्वपेशींत. पांढऱ्या पेशींचा जीनोम कितीही खोलवर वाचला तरी त्या पूर्वपेशींतले जनुक उघडे की बंद हे कळणार नाही. अमुक पट कव्हरेजचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

माझे म्हणणे असे. रक्तातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून तांबड्या पेशींच्या पूर्वपेशी मिळवाव्यात आणि गॅमा जनुकांचा पट्टाच नॅनोपोअरने, रसायनप्रक्रियेविना, लांब वाचावा. एकाच लांब वाचनात जनुक कोणते, उणे १५८ ला सी की टी, आणि मिथाइल आहे की नाही, हे तिन्ही कळते. यंत्राच्या चुका असतात, मिथिलेशन ओळखणारे सॉफ्टवेअर बदलले की आकडेही हलतात. म्हणून काही नमुने बायसल्फाइटनेही तपासून दोन्ही निकाल ताडून पाहावेत. त्या कामी बायसल्फाइट हवेच. चिंचपाड्याहून प्रयोगशाळेपर्यंतच्या उन्हाळी प्रवासात पेशी जिवंत राहतील अशी सोय मात्र आधी करावी लागेल, आणि अनुदानाच्या प्रस्तावात सिक्वेन्सिंगच्या खर्चाआधी तिची रक्कम लिहावी लागेल.