आधी पत्र, मग मांडव

2013 साली डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत कलामहोत्सव भरला. पालघर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, गंजाड ठाणे जिल्ह्यात होतं. ‘वॉल आर्ट फेस्टिव्हल’ हे त्या महोत्सवाचं नाव. जपानमधल्या एका संस्थेने 2010 मध्ये बिहारच्या सुजाता या गावी, बोधगयेजवळच्या एका शाळेत तो सुरू केला आणि मग तो आपल्याकडे आणला. कलादालन म्हणजे शाळेच्या भिंती. चित्रकार गावात येऊन राहायचे आणि पोरांच्या देखत काम करायचे.

त्याच निमित्ताने दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या आणि वारली चित्रकार राजेश चैत्या वांगड यांच्या घरी राहिल्या. वांगड त्यांना गावातल्या एकेका जागेची गोष्ट सांगत आणि गिल त्या जागी त्यांचे फोटो काढत. फोटो हाती आले तेव्हा लक्षात आलं की जागा दिसते आहे, पण तिथे जे घडलं म्हणून ऐकलं ते कुठेच दिसत नाही. मग वांगडांनी त्या फोटोंवरच शाईने रेखाटायला सुरुवात केली. डोंगर, देव, दुष्काळ, माणसांची पळापळ, सगळं त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर उमटत गेलं. ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही चित्रमालिका अशी जन्माला आली, आणि त्या चित्रांवर दोघांचीही नावं आहेत.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो मुक्काम. एकाने बोलावलं, दुसरा आला, काम करून गेला, असं झालं असतं तर भिंत रंगली असती, ही मालिका झाली नसती. घरात राहिल्याने, एका पंगतीला जेवल्याने, ‘हे नीट झालेलं नाही’ असं एकमेकांना सांगता आलं. महोत्सवाने कलाकाराशी आणि गावाशी कसं वागावं याचा इतका चांगला दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि आपण तो विसरत चाललो आहोत, म्हणून आज हा विषय घेतला.

पुढे गिल जव्हारला गेल्या. तिथे बोहाड्याचे, म्हणजे रात्रभर सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, मुखवटे कागदाच्या लगद्यापासून करणारी कोकणा आणि वारली कारागिरांची घरं आहेत. सुभाष आणि भगवान धर्मा कडू या भावांना आणि त्यांच्या सोबत्यांना त्यांनी सुचवलं की या वेळी देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे नकोत, आजच्या जगण्यातले करू या. मग आजारी माणूस, म्हातारी, प्राणी, पक्षी, रोजच्या वापरातल्या वस्तू असे मुखवटे तयार झाले. ते घालून गावकरी दवाखान्यात, दुकानात, घराच्या ओट्यावर बसले आणि गिल यांनी फोटो काढले. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ या नावाने ही मालिका 2017 मध्ये ‘डॉक्युमेंटा’ या जगातल्या फार मोठ्या कलाप्रदर्शनात गेली आणि 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा पीएस 1’ मध्ये लागली. प्रदर्शन गिल यांच्या नावाचं होतं, कडू बंधूंची नावं सोबतच्या माहितीत दिलेली होती. मुखवटा ज्याचा त्याचं नाव किती मोठ्या अक्षरात हवं, हा प्रश्न तरीही उरतोच, आणि तो विचारलाच पाहिजे. पण निदान नावं लिहिलेली होती. आपल्याकडच्या कित्येक महोत्सवांच्या फलकावर ‘वारली पेंटिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. ते कुणी काढलं, हे कुणाला विचारायचंही सुचत नाही.

हा जिल्हा कलेच्या बाबतीत जगाला नवखा नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना त्यांनीच कागद आणि रंग नेऊन दिले होते. वारल्यांकडेही चित्र म्हणजे लग्नातला चौक, आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक उमटतो आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते. कुलकर्ण्यांनी दिलेल्या कागदावर एक पुरुषही चित्रं काढू लागला, तो म्हणजे गंजाडचा जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर या मुलाने बोलणं सोडलं आणि तो मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगायचा, असं सांगतात. 1975 मध्ये मुंबईच्या ‘केमोल्ड’ गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, 1989 मध्ये चित्रं पॅरिसला पोचली, 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचं प्रदर्शन मांडलं गेलं, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 च्या मे महिन्यात जिव्याबाबा गेले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

एवढं सगळं झालं, तरी आमच्याकडच्या कलाकाराला आमंत्रण कसं येतं? फोनवर. ‘दादा, दोन दिवस या, टेबल देतो, लोकांसमोर चित्र काढा, चांगली जाहिरात होईल तुमची.’ मानधनाचं विचारलं की ‘ते बघू, साहेबांशी बोलतो.’ प्रवासभाडं, मुक्काम, जेवण, सोबत येणाऱ्या बायकोमुलांची सोय, सगळं त्या ‘बघू’त. महोत्सव संपला की तोच फोन उचलला जात नाही. पैसे येतात ते कधी चार महिन्यांनी, कधी कमी, कधी येतच नाहीत. या भागात राहून हे इतक्यांदा ऐकलं आहे की ऐकणाऱ्याला त्याची चीड येईनाशी होते, आणि तेच मला सर्वांत वाईट वाटतं.

मोठ्या महोत्सवांत अर्ज मागवतात. मुंबईचा काळा घोडा महोत्सव 1999 पासून भरतो, नऊ दिवस, प्रवेश सर्वांना मोफत. तिथे मांडणी करायची तर आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. पद्धत चांगलीच, कारण ओळखीपाळखीवर काही अडत नाही. पण असले अर्ज बहुधा इंग्रजीत असतात, संगणकावरून भरायचे असतात, आणि आपली कल्पना इतक्या शब्दांत मांडा असं सांगतात. मोखाड्याच्या ज्या पाड्यावर डोंगरावर चढल्याशिवाय मोबाईलला रेंज मिळत नाही, तिथल्या चित्रकाराने काय करायचं? त्याला तुमच्या पद्धतीने बोलता येत नाही म्हणून त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असा निकाल आपोआप लागतो. ज्यांचे अर्ज नापास होतात त्यांना तर सहसा उत्तरच जात नाही. ‘या वेळी जमलं नाही’ एवढी एक ओळ मराठीत पाठवायला किती वेळ लागतो?

हे फक्त गरिबाघरच्या कलाकारांच्याच वाट्याला येतं असंही नाही. कोची-मुझिरिस बिनाले हा देशातला सर्वांत नावाजलेला कलामहोत्सव. 2022 मध्ये तो 12 डिसेंबरला उघडायचा होता. ऐन वेळी मुख्य जागांचं उद्घाटन 23 डिसेंबरवर गेलं. जगभरातून आलेल्या पन्नासहून अधिक कलाकारांनी जाहीर पत्र लिहिलं. कलाकृती वेळेत पोचल्या नाहीत, जागा गळत होत्या, वीज जात होती, आणि काय चाललं आहे हे आम्हाला कुणी नीट सांगत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत जड वाटतं. पाऊस आणि वीज कुणाच्या हातात नसते, सांगणं मात्र हातात असतं.

आणि न सांगण्याचं, न ऐकण्याचं टोक कुठे जाऊ शकतं ते 2001 मध्ये दिसलं. मध्य प्रदेशातले थोर गोंड चित्रकार जनगडसिंह श्याम जपानमधल्या मिथिला संग्रहालयात चित्रं काढायला गेले होते. वारली चित्रकारही तिथे राहून आले आहेत. जनगड यांचा मुक्काम लांबला, त्यांना घरी यायचं होतं. जुलैमध्ये त्यांनी तिथेच आयुष्य संपवलं. आदिवासी कलाकारांना परदेशात कोणत्या अटींवर पाठवलं जातं, त्यांच्याशी करार कोण करतं, त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलायला सोबत कुणी असतं का, यावर तेव्हा देशातल्या चित्रकारांनी आवाज उठवला. एका माणसाच्या मनात त्या दिवशी काय होतं ते बाहेरच्याने ठरवू नये. पण दूर बोलावलेल्या कलाकाराला ‘मला परत जायचं आहे’ हे सांगायला एक हक्काचं माणूस हवं, एवढं तरी त्यातून शिकायला हवं होतं.

जपानमध्येच याच्या उलटही घडलं आहे. निगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारी भागात तरुण शहरांत निघून गेलेले आणि गावं ओस पडत चाललेली. तिथे 2000 साली, शेतात आणि बंद पडलेल्या शाळांत तीन वर्षांतून एकदा भरणारा कलामहोत्सव सुरू झाला. महोत्सवाचे संचालक फ्राम कितागावा यांनी त्याआधीची काही वर्षं गावोगावच्या बैठकांत घातली, कारण लोकांचा विरोध होता. इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह या कलावंतांना आपली शिल्पं डोंगरउतारावरच्या भातखाचरांत उभी करायची होती. खाचराच्या मालकाने आधी नाही म्हटलं, ती वाडवडिलांची जमीन. मग कलाकृती काय सांगते हे त्याला समजावून दिलं, ती भात लावणाऱ्यांच्याच कष्टांवर आहे हे कळलं, तेव्हा त्याने होकार दिला. त्याच्या नकाराला किंमत होती म्हणून त्याच्या होकाराला वजन आलं.

आपल्याकडे हे काही जपानहून आणायला नको. बोहाडा बघा. जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर, उन्हाळ्यात गावोगावी बोहाडे होतात. संबळ आणि पिपाणीवर रात्रभर सोंगं नाचतात, शेवटी देवी महिषासुराला मारते. कोणतं सोंग कोणत्या घराकडे, कुणी बोली लावून कोणतं घेतलं, कोणत्या रात्री कोण नाचणार, मुखवटा कुणी रंगवून द्यायचा, वाजंत्र्यांना काय द्यायचं, हे सगळं गावकीत बसून आधीच ठरतं. न सांगता कुणाचं सोंग दुसऱ्याला दिलं तर गाव गप्प बसत नाही. शिवाय वेळ बघा. दिवाळीनंतर या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. बोहाड्याच्या दिवसांत बरेच जण परतलेले असतात. आपण मात्र महोत्सव भरवतो ते जानेवारी-फेब्रुवारीत, शहरातल्या पाहुण्यांना थंडी बरी वाटते म्हणून. निम्मी घरं बंद असताना आपण तिथल्या लोकांच्या कलेचा उत्सव करतो.

म्हणून मला कोळगावबद्दल बोलायचं आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. सिडकोने दुग्धविकास विभागाच्या जमिनीवर नवं शहर वसवायला घेतलं आणि कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांचं उद्घाटन झालं. बोईसरहून पालघरला जाताना त्या दिसतात, आणि दर वेळी वाटतं, इथे जिल्ह्याचा स्वतःचा कलामहोत्सव व्हावा. एका बाजूला तारापूरची एमआयडीसी आहे, तिथे उत्तर प्रदेश-बिहारपासून ओडिशापर्यंतचे कामगार आहेत. किनाऱ्याला मांगेला, वैती, भंडारी, वाडवळ आहेत. डोंगराकडे वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर आहेत. यांतले बरेचसे लोक कोळगावला येतात ते दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी, तारखेसाठी. एकदा तरी त्यांनी काही दाखवायला यावं.

पण मांडव घालण्याआधी पत्र जावं. मराठीत, साध्या वाक्यांत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला घरी जाऊन वाचून दाखवलेलं. मानधन किती आणि कोणत्या तारखेपर्यंत खात्यात येईल, येण्याजाण्याचा खर्च कोण देईल, रात्री राहायचं कुठे, लहान मूल घेऊन येणाऱ्या बाईची काय सोय, हे त्यात असावं. चित्र विकलं तर पैसे कुणाचे आणि उरलेलं घरी पोचवायचं कुणी, हे असावं. चित्राचा फोटो काढून तो पत्रिकेवर किंवा टी-शर्टवर छापायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. भिंतीवर काढलेल्या चित्राखाली नाव. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींचीही नावं, कारण मानपत्रं आजवर बहुतेक पुरुषांच्याच हाती गेली आहेत. शेवटी एका माणसाचा फोन नंबर, महोत्सव संपल्यावरही उचलला जाईल असा.

गावालाही विचारावं लागेल. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू हे तालुके पेसा कायद्याखाली येतात. 1996 चा हा कायदा गावाच्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. लग्नातला देवचौक मंचावर मांडायचा का, बोहाड्यातलं देवीचं सोंग दिवसाउजेडी मैदानात नाचवायचं का, हे आयोजकाने परस्पर ठरवू नये. काही गावं हो म्हणतील, काही नाही म्हणतील. नाही म्हटलं तर तेवढा कार्यक्रम त्या वर्षी गळेल.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. दोन पानांचं पत्र आहे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद कोळगावला एकाच आवारात आहेत, सह्या तिथल्या तिथे होऊ शकतात. पत्रं गणपतीच्या आत निघाली, तर पाड्यावरच्या कलाकाराला घरात बोलून, ग्रामसभेत विचारून, भातकापणीला लागण्याआधी हो किंवा नाही सांगता येईल. आणि महोत्सवाची तारीख होळीच्या पुढची धरली, तर भट्टीवरून परतलेल्यांनाही येता येईल.