लाथ, बहिष्कार आणि चुकीचा निकाल: तिघांनाही तीनच वर्षं? 'महाराष्ट्र केसरी'च्या वादात न्याय्य शिक्षा कोणती?

पंचाला मारलेल्या लाथेचा तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. त्याखाली दोन प्रकारच्या कमेंट होत्या. एका बाजूचं म्हणणं, 'आयुष्यभर बंदी घाला.' दुसऱ्या बाजूचं म्हणणं, 'पंचानं अन्याय केला, मग पैलवान काय करणार?' दोन्ही बाजूंना आपापलं उत्तर सोपं वाटत होतं. पण त्यानंतरच्या तीन आठवड्यांत जे निर्णय झाले, ते पाहिले तर हा प्रश्न इतका सोपा नाही हे लक्षात येतं.

नेमकं काय घडलं?

2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. राक्षे साधा पैलवान नव्हे. 2023 या एकाच वर्षात आधी पुण्यात आणि मग धाराशिवमध्ये, अशी दोनदा त्यानं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली होती.

पंचांनी राक्षेला चितपट ठरवून मोहोळला विजयी घोषित केलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिव्ह्यू दाखवा, असं राक्षेचं म्हणणं होतं. वाद वाढला. राक्षेनं पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली.

त्यानंतर मोहोळ आणि सोलापूरचा महेंद्र गायकवाड यांच्यात अंतिम लढत झाली. तिथेही शेवटच्या काही सेकंदांत गुणावरून वाद झाला. गायकवाडनं पंचांशी हुज्जत घातली, मैदान सोडलं आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला.

शिक्षा कोणाला आणि किती?

स्पर्धा संपताच महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघानं राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली. नंतर चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर राक्षेच्या लढतीचा निकाल देणारे पंचही दोषी ठरले आणि त्यांचंही तीन वर्षांसाठी निलंबन झालं.

म्हणजे पंचाला लाथ मारली, शिक्षा तीन वर्षं. निषेध म्हणून मैदान सोडलं, शिक्षा तीन वर्षं. निकाल चुकीचा दिला, त्यालाही तीनच वर्षं. तिन्ही चुकांचं वजन सारखं नाही. एकीत दुसऱ्याच्या अंगावर हात टाकला गेला, दुसरीत शिस्त मोडली आणि तिसरीत कामात चूक झाली. तरी तिन्हींना एकच माप लावलं गेलं.

क्रमही उलटा होता. पैलवानांना शिक्षा आधी झाली, निकाल बरोबर होता का याची चौकशी नंतर.

पंच चुकला असेल, तर लाथ माफ होते का?

नाही. पण या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की दोन्हींचं उत्तर चुकतं.

पहिला प्रश्न, राक्षेवर अन्याय झाला का? समितीच्या निष्कर्षानुसार पंचांकडून चूक झाली. दुसरा प्रश्न, त्यानं लाथ मारली का? व्हिडिओत ते दिसतं. पहिल्याचं उत्तर 'हो' आल्यानं दुसरं कृत्य योग्य ठरत नाही. तसंच, लाथ मारली म्हणून मूळ तक्रार खोटीही ठरत नाही.

राग कशातून येतो हे मात्र समजून घ्यायला हवं. गदेबरोबर नाव येतं, मानधन येतं, सरकारी नोकरीचं दारही उघडू शकतं. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाला. एका निकालावर एवढं काही टांगलेलं असतं. त्यामुळे राग का आला हे कळतं. शिक्षा ठरवताना हे कारण विचारात घ्यावंच, पण त्यानं शिक्षा कमी-जास्त होऊ शकते, रद्द होत नाही.

पैलवानाकडे रिव्ह्यूचा मार्ग असणंही महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मॅटवरचा पंच एकट्याच्या जोरावर चितपट देऊ शकत नाही. त्याला बाजूच्या पंचाची किंवा मॅटच्या मुख्य पंचाची संमती लागते. गुणांवर शंका असेल तर पैलवानाच्या कोपऱ्यातून चॅलेंज टाकता येतं. शंका तिथल्या तिथे, सर्वांसमोर मिटावी, हा या व्यवस्थेचा हेतू आहे. ती नीट चालली नाही की वाद हातघाईवर येतो.

कायदा काय सांगतो?

कुस्तीत एक जण दुसऱ्याला उचलून आपटतो, तरी गुन्हा होत नाही. कारण दोघांची त्याला संमती असते. भारतीय न्याय संहितेचं कलम 25 हेच सांगतं आणि त्यातलं उदाहरणही खेळाचंच आहे: करमणूक म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं.

ही संमती खेळापुरती आणि खेळणाऱ्यांपुरती असते. पंच मॅटवर उभा असतो, पण मार खायला त्यानं संमती दिलेली नसते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला मारलेला डाव आणि पंचाला मारलेली लाथ या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत एक नाहीत.

इतर ठिकाणी काय झालं?

मे 2022 मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेची निवड चाचणी होती. निकाल विरोधात गेल्यावर सतेंदर मलिक या पैलवानानं पंचावर हात उचलला. भारतीय कुस्ती महासंघानं त्याच्यावर आजीवन बंदी घातली. म्हणजे जवळपास सारख्याच कृत्याला दिल्लीत आजीवन आणि अहिल्यानगरात तीन वर्षं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्युबाच्या अँजेल मातोसनं तायक्वांदोच्या पंचाच्या तोंडावर लाथ मारली होती. त्यालाही आजीवन बंदी झाली.

हॉकीत याहून कठीण प्रश्न उभे राहिले. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना हरल्यावर पाकिस्तानच्या संघानं गोंधळ घातला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या अध्यक्षांवर पाणी ओतलं गेलं. 11 खेळाडूंवर ऑलिंपिकसाठी आजीवन बंदी आली, पण ती पुढे मागे घेतली गेली. शिक्षा रागात मोठी दिली आणि नंतर सोयीनं काढली, की तिचा धाक राहत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीत मार्च 2004 मध्ये टॉड बर्टुझीनं स्टीव्ह मूरवर मागून हल्ला केला. मूरच्या मानेची हाडं मोडली. बर्टुझी कोर्टात दोषी ठरला, सुमारे 17 महिने खेळाबाहेर राहिला आणि परत खेळू लागला. मूर त्या लीगमध्ये पुन्हा कधीच खेळू शकला नाही. मारणाऱ्याची शिक्षा संपते, मार खाणाऱ्याची संपेलच असं नाही.

याउलट फुटबॉलपटू एरिक कँटोनाचं उदाहरण दिलं जातं. जानेवारी 1995 मध्ये त्यानं प्रेक्षकाला लाथ मारली. सुमारे आठ महिन्यांची बंदी आणि 120 तासांची समाजसेवा अशी शिक्षा त्यानं भोगली. बंदी कधी संपणार हे सर्वांना माहीत होतं. ती संपल्यावर तो परतला आणि त्याच मोसमात त्याच्या संघानं लीग आणि कप दोन्ही जिंकले.

बारामती-इंदापूरचा यात काय संबंध?

पहिला संबंध कारभाराचा. घटना घडली तेव्हा राज्याचे क्रीडामंत्री इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे होते. महाराष्ट्र ऑलिंपिक संघटनेचं अध्यक्षपद बारामतीच्या अजित पवारांकडे होतं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद या जुन्या संघटनेचं अध्यक्षपद अनेक वर्षं बारामतीच्याच शरद पवारांकडे राहिलं. 1953 मध्ये मामासाहेब मोहोळ यांनी स्थापन केलेली ही परिषद भारतीय कुस्ती महासंघानं 2022 मध्ये बरखास्त केली आणि रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली कुस्तीगीर संघ पुढे आला. परिषदेनं मात्र आपला दावा सोडला नाही.

या दुफळीचा शिक्षेशी थेट संबंध आहे. अहिल्यानगरची स्पर्धा संघाची होती. पुढच्याच महिन्यात कर्जतमध्ये आमदार रोहित पवार यांच्या पुढाकारानं परिषदेची वेगळी 'महाराष्ट्र केसरी' झाली आणि ती वेताळ शेळकेनं जिंकली. दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी. अशा वेळी एका संघटनेनं घातलेली बंदी दुसरीवर बंधनकारक कशी करणार? जिथे दोन दारं असतात, तिथे एक बंद करून शिक्षा पूर्ण होत नाही.

दुसरा संबंध मातीचा. चैत्रात या दोन्ही तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि हलगीच्या कडकडाटात कुस्त्यांचे फड भरतात. तिथे मॅटचा मुख्य पंच नसतो, अधिकृत रिव्ह्यू नसतो. यात्रा कमिटीनं बोलावलेला एखादा जुना पैलवान किंवा वस्ताद पंच म्हणून उभा राहतो. भोवती दोन्ही गावांची गर्दी असते आणि त्याच्या संरक्षणाला असतो तो फक्त त्याचा मान. गदा जिंकलेला मल्ल पंचाला लाथ मारतो आणि त्याच्या कौतुकाच्या रील फिरतात, तेव्हा तालमीतली पोरं ते पाहत असतात. त्याची किंमत उद्या यात्रेतल्या पंचाला मोजावी लागू शकते.

माफी कधी आणि कोणी द्यायची?

दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले चंद्रहार पाटील राक्षेच्या बाजूनं उभे राहिले. 2009 मध्ये आपल्यावरही पंचांनी अन्याय केल्याचं सांगत त्यांनी आपल्या गदा परत करण्याची घोषणा केली. पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या, अशा आशयाचं त्यांचं विधान मात्र वादात सापडलं. पैलवानांच्या मनात किती राग साठलाय, हे त्यातून कळतं. पण राग व्यक्त करणं वेगळं आणि माफी मागणं वेगळं.

माफी देण्याचा पहिला हक्क ज्याला लागलं त्याचा. इथे तो पंचांचा. त्यांचा निकाल चुकला असला तरी हा हक्क जात नाही. त्याचप्रमाणे चुकीच्या निकालाबद्दल दिलगिरी मिळण्याचा हक्क राक्षेचा. संघटना शिक्षा कमी करू शकते, पण दोघांच्या वतीनं परस्पर माफ करू शकत नाही. माफी म्हणजे काही घडलंच नाही असं समजणंही नव्हे. चूक कबूल करायची, शिक्षा भोगायची आणि मग परत यायचं. हा रस्ता उघडा हवा, म्हणून आजीवन बंदी शेवटचा उपाय असावी.

मग न्याय्य शिक्षा कशी असावी?

तीन गोष्टींवर फारसा खर्च नाही. एक, कोणत्या कृत्याला किती शिक्षा हे स्पर्धेआधी लेखी जाहीर करायचं. शिवीगाळ, मैदान सोडणं आणि अंगावर हात टाकणं यांची वेगवेगळी मापं हवीत. दोन, त्याच रात्री फक्त तात्पुरतं निलंबन करायचं आणि अंतिम शिक्षा दोन्ही बाजू ऐकून, व्हिडिओ पाहून ठरवायची. तीन, बंदीचा काही भाग पंचांच्या प्रशिक्षण शिबिरात मदत करून किंवा गावच्या फडात पंचाशेजारी उभं राहून भरून काढायची सोय ठेवायची. निर्णय देणं किती अवघड असतं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पैलवानाची उमेदीची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. दूध, बदाम, तुपाचा खुराक घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पुरवलेला असतो. त्यातली तीन वर्षं काढून घ्यायची असतील तर ती नेमकी कोणत्या चुकीची, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना समजलं पाहिजे. आणि लाथ खाल्लेल्या पंचालाही कळलं पाहिजे की त्याच्या चुकीची शिक्षा वेगळी आणि त्याच्यावर झालेल्या हल्ल्याची शिक्षा वेगळी.